मोठ्या विद्यापीठातल्या नोकऱ्या: पगार कुठल्या खात्यातून येणार, ते आधी बघा

रेघोटी
विद्यापीठातली नोकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्राध्यापकच येतो. फार तर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर काम करणारा संशोधक. मला व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) येणारे प्रश्नही त्याच वळणाचे असतात. पीएचडी संपत आली, आता फॅकल्टीसाठी काय करू? किंवा, एमएस्सी आहे, पीएचडी करायची नाही, म्हणजे विद्यापीठाचं दार बंदच ना?

बंद नाही. मी एका मोठ्या ब्रिटिश विद्यापीठाच्या अनुदान विभागात आहे. कुणाला संशोधनासाठी पैसे मंजूर झाले की त्या पैशांचं पुढचं सगळं आमच्याकडे येतं. खातं उघडायचं, त्यातून माणसं नेमायला मंजुरी द्यायची, खर्चाचा हिशेब निधी देणाऱ्यांना कळवायचा. माझ्या नावावर एकही शोधनिबंध नाही. पण कुठल्या प्रयोगशाळेत जागा निघणार आणि कुठल्या बंद होणार, हे आम्हाला पुष्कळदा तिथल्या लोकांच्या आधी कळतं.

ब्रिटनच्या विद्यापीठांत एकीकडे अध्यापक-संशोधक आणि दुसरीकडे बाकीचे कर्मचारी, असं प्रमाण साधारण निम्मं-निम्मं असतं. या 'बाकीच्यां'त फक्त कारकून येत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणारे, एनएमआर (रेणूंची रचना शोधणारं यंत्र) सांभाळणारे, प्राणीगृहातले, द्रव नायट्रोजन आणि हीलियमची व्यवस्था बघणारे, क्लिनिकल ट्रायलचे समन्वयक, संख्याशास्त्रज्ञ, संशोधनाचा डेटा सांभाळणारे ग्रंथपाल, पेटंट आणि परवाने बघणारे, नीतिमत्ता समितीचं सचिवालय. काही जुन्या रसायनशास्त्र विभागांत अजून काच फुंकणारा कारागीर असतो. संशोधकानं कागदाच्या चिटोऱ्यावर काढलेली नळ्यांची भानगड तो ज्योतीवर फिरवत फिरवत बनवून देतो, आणि चिटोऱ्यावरचं माप चुकलेलं असेल तर ते आधीच सांगतो. असा माणूस निवृत्त व्हायला आला की विभागाची झोप उडते.

आता माझा मुद्दा. जाहिरातीतल्या पदनामाला मी फारसं महत्त्व देत नाही. रिसर्च असोसिएट, रिसर्च फेलो, रिसर्च ऑफिसर ही नावं जो तो आपापल्या अर्थानं वापरतो. मी बघते ते हे की, या जागेचा पगार कुठल्या खात्यातून येणार आणि ते खातं कधी आटणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक खातं विद्यापीठाचं स्वतःचं. फी, सरकारी अनुदान, देणग्या. यावरच्या जागा बहुधा कायम असतात. दुसरं एखाद्या प्रकल्पाचं, ज्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही तारखा असतात. तिसरं खातं नवख्या उमेदवारांना सहसा ठाऊकच नसतं. मास स्पेक्ट्रोमेट्री, सिक्वेन्सिंग, सूक्ष्मदर्शक अशी महागडी यंत्रं एका सामायिक सुविधेत ठेवतात आणि वापरणाऱ्या प्रत्येक गटाकडून तासाप्रमाणे आकारणी घेतात. तिथल्या तंत्रज्ञाचा पगार या आकारणीतून आणि विद्यापीठानं वर घातलेल्या भरीतून निघतो. एका प्राध्यापकाचं अनुदान संपलं तरी बाकीचे गट येतच राहतात, त्यामुळे ही जागा प्रकल्पाच्या जागेइतकी डळमळीत नसते.

अजून एक बारकावा. जाहिरातीत 'तीन वर्षं' न लिहिता एखाद्या तारखेपर्यंत असं लिहिलेलं असेल, तर भरतीला आणि व्हिसाला लागणारे महिने तुमच्याच मुदतीतून जातात. तुम्ही उशिरा रुजू झालात म्हणून अनुदानाची शेवटची तारीख हलत नाही. हलवायची तर निधी देणाऱ्यांची परवानगी लागते. ती मिळालीच तरी बहुधा वाढीव वेळ मिळतो, वाढीव पैसे नाहीत.

मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतात तेव्हा हे खुशाल विचारा. कुणाला राग येत नाही. उलट हा माणूस आधी कुठेतरी राहून आलाय असं वाटतं.

अनुभवी मंडळींनी भर घालावी.

फिरता पंखा
रुमाल टाकून ठेवतो. काच फुंकणाऱ्याची जागा निघाली तर कळवा. आयटीत आता फुंकायला काही शिल्लक नाही.

गोगलगाय
छान धागा, ताई. माझं सांगते. एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, त्यानंतर एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. पीएचडी नाही, करायची इच्छाही नाही. ब्रिटनमधल्या तंत्रज्ञाच्या जागांना अर्ज केले, उत्तर एकच: 'या वेळी आपली निवड होऊ शकली नाही.' प्रत्येक जाहिरातीसोबत तीन-चार पानी पीडीएफ असतो, त्यात शेवटी एक तक्ता. तो नक्की कशासाठी?

रेघोटी
@गोगलगाय, सगळी निवड त्या तक्त्यावरच चालते. त्याला पर्सन स्पेसिफिकेशन म्हणतात. एका रकान्यात 'आवश्यक', दुसऱ्यात 'असल्यास उत्तम'. अर्ज वाचणाऱ्या समितीसमोर हाच तक्ता असतो. प्रत्येक निकषापुढे गुण घालायचे आणि बेरजेवरून मुलाखतीची यादी करायची. नंतर कुणी तक्रार केली तर दाखवायला कागद हवा, म्हणून समितीला मनात आलं तरी फारसं इकडेतिकडे सरकता येत नाही. एखादा 'आवश्यक' निकष तुमच्या अर्जात दिसलाच नाही तर तिथे शून्य. तुमच्याकडे ते कौशल्य असेलही, पण समितीनं ते ताडून घ्यायचं नसतं.

त्यामुळे पत्र सुंदर असण्यापेक्षा तक्त्याच्या क्रमानं लिहिलेलं असणं जास्त कामाचं. समजा निकष आहे 'जंतुविरहित वातावरणात काम करण्याचा अनुभव'. बहुतेक जण लिहितात, "मी प्रयोगशाळेतील सर्व तंत्रांत पारंगत असून अत्यंत मेहनती आहे." याला किती गुण देणार? त्याऐवजी असं लिहा: "सध्याच्या नोकरीत मी रोज लॅमिनार फ्लोखाली इंजेक्शनच्या औषधांची निर्जंतुकता चाचणी करते. नियंत्रण प्लेटवर वाढ दिसली तर बॅच थांबवून कारण शोधायची जबाबदारी माझी आहे. त्या तपासाची कार्यपद्धती मी लिहिली असून ती सध्या वापरात आहे." वाचणाऱ्याला माणूस काम करताना दिसतो.

आणि क्वालिटी कंट्रोलला कमी लेखू नका. नोंदवही कशी ठेवायची, यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं, बदल केला तर सही कुणाची, हे तुमच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. पीएचडी झालेल्या कित्येकांना ते येत नाही. ट्रायल युनिट किंवा सामायिक सुविधेत नेमकं तेच हवं असतं.

अर्जात 'रिस्पेक्टेड सर' नको, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि फोटोही नको. तिथल्या भरतीत ही माहिती मागत नाहीत, मग आपण होऊन कशाला द्यायची?

एक कडू गोष्टही सांगते. ब्रिटनमध्ये व्हिसा प्रायोजित करायचा तर पगाराची किमान पातळी लागते आणि तंत्रज्ञाच्या खालच्या श्रेणीतल्या पुष्कळ जागा तिच्या खाली राहतात. अशा वेळी तुमचा अर्ज कितीही चांगला असला तरी पुढे जात नाही. जाहिरातीत 'प्रायोजकत्व मिळणार नाही' असं लिहिलंय का ते आधी शोधा. लिहिलं नसेल तर अर्ज भरण्याआधी एचआरला एका ओळीचा मेल टाका.

पिपेट
जर्मनीहून लिहितोय. इथे तुमच्या तीन खात्यांच्या जोडीला एक कायदाही मानगुटीवर बसलेला असतो. विद्यापीठातल्या संशोधकांच्या मुदतीच्या नेमणुकांसाठी २००७ पासून वेगळा कायदा आहे. ढोबळमानानं पीएचडीआधी सहा वर्षं आणि पीएचडीनंतर सहा (वैद्यकशास्त्रात नऊ) एवढा काळ मुदतीच्या करारांवर राहता येतं. त्यानंतर कायम जागा मिळाली तर ठीक. नाहीतर बाहेरच्या निधीच्या प्रकल्पावर नेमणूक मिळवायची, तेवढीच पळवाट. २०२१ साली शिक्षण-संशोधन मंत्रालयाचा एक व्हिडिओ फिरला, त्यात 'हान्ना' नावाच्या काल्पनिक संशोधिकेच्या उदाहरणावरून ही पद्धत कशी उपकारक आहे ते समजावलं होतं. त्यावर हजारो संशोधकांनी 'मीच हान्ना' म्हणत आपापल्या करारांच्या कहाण्या टाकल्या. चर्चा खूप झाली, कायद्याचा गाभा मात्र अजून तोच आहे.

गंमत म्हणजे तंत्रज्ञ आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांना हा कायदा लागूच नाही. त्यांच्यासाठी सर्वसाधारण कामगार कायदा. आमच्या संस्थेत सगळ्यात निवांत झोप कुणाला लागत असेल तर ती यंत्रशाळेतल्या मेकॅनिकला.

पगाराची घासाघीस इथे जवळपास नसते. राज्य सरकारी वेतनश्रेणी असते, संशोधकाला साधारण ई-१३. पण पीएचडी करणाऱ्यांना पूर्ण श्रेणी क्वचितच देतात. निम्मी, ६५ टक्के, फार तर पाऊण. जाहिरातीत श्रेणीशेजारी हा टक्का लिहिलेला असतो, तो न वाचता आनंदानं घरी फोन करणारे मी पाहिलेत. काम अर्थात शंभर टक्के! घासाघीस करायचीच असेल तर अनुभवाच्या पायरीवर करा. आधीच्या नोकरीची प्रमाणपत्रं नीट दिली तर वरच्या पायरीवर घेऊ शकतात. हे सही करण्याआधीच होतं, नंतर कुणी ऐकत नाही.

नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथे पीएचडी हीच पगारी नोकरी असते, रीतसर जाहिरात निघते. स्वीडनमध्ये सरकारी विद्यापीठाकडे आलेले अर्ज सार्वजनिक दस्तऐवज असतात. जागा कुणाला मिळाली, त्याच्या अर्जात काय होतं, हे नाकारला गेलेला उमेदवारही मागवून वाचू शकतो. मी मागवून वाचलंय. चांगल्या अर्जात काय असतं ते त्यातून कळतं, शिवाय जळफळाटही कमी होतो.

त्रिज्या
अमेरिकेची बाजू मी मांडते.

इथे विद्यापीठांना एच-१बी या कुशल नोकरीच्या व्हिसाचा वार्षिक कोटा लागू होत नाही. कंपन्यांसाठी ६५,००० अधिक अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी २०,००० अशी मर्यादा आणि त्यासाठी सोडत असते. विद्यापीठ वर्षात कधीही अर्ज भरू शकतं. संशोधकांबरोबरच स्टाफच्या पात्र पदांनाही हे चालतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि विद्यापीठांना त्यातून सरसकट सूट मिळाली नाही. एका पोस्टडॉकसाठी एवढे पैसे कोण मोजणार? त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांसाठी बहुतेकांचा कल जे-१ कडे, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसाकडे.

जे-१ घेताना 'दोन वर्षं मायदेशी परत' ही अट आपल्याला लागते का ते बघायचं. ही अट कुठल्या देशाच्या कुठल्या कौशल्यांना लागते त्याची एक यादी असते. डिसेंबर २०२४ मध्ये ही कौशल्य-यादी बदलली आणि भारत त्यातून वगळला गेला. पण तुमच्या कार्यक्रमाला सरकारी पैसा असेल तर ही अट अजूनही लागू शकते. म्हणजे रेघोटीताईंचा 'पैसा कुणाचा' हा प्रश्न इथे व्हिसापर्यंत जाऊन पोहोचतो!

आता थोडा मतभेद. विद्यापीठाच्या स्वतःच्या खात्यावरची जागा सुरक्षित, असं तुम्ही म्हणता. २०२५ च्या वसंतात इथल्या कित्येक बड्या विद्यापीठांनी भरती गोठवली तेव्हा 'स्वतःचं खातं' सगळ्यात आधी बंद झालं. कारण संशोधन अनुदानावर मिळणारा अप्रत्यक्ष खर्चाचा हिस्सा. प्रयोगाचा थेट खर्च वेगळा, त्यावर इमारत, वीज, ग्रंथालय, तुमच्यासारखा अनुदान विभाग यासाठी निधी देणारी संस्था वरचे काही टक्के देते. मोठ्या विद्यापीठांत हा दर ५० टक्क्यांच्या वरही असतो. एनआयएच या आरोग्य-संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. न्यायालयानं ते अडवलं, पण तोवर सगळ्यांनी हात आखडते घेतले होते. म्हणजे तुमची दोन खाती आतून जोडलेली आहेत.

रेघोटी
@त्रिज्या, जोडलेली आहेत हे मान्यच. आमच्याकडे तर विद्यापीठाच्या खात्यात येणारा आणखी एक नळ आहे, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची फी. जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येईनासं झालं, संख्या घटली, आणि मग एकामागून एक विद्यापीठांनी कपात जाहीर केली. कायम जागांवरचे लोकही गेले.

तरी फरक उरतोच. कायम माणसाला काढायचं तर सल्लामसलतीची मुदत, भरपाई, आधी दुसऱ्या विभागात सामावून घ्यायचा प्रयत्न, हे सोपस्कार करावे लागतात. प्रकल्पावरच्या माणसाचा करार मुकाट्यानं संपतो आणि बहुतेकांना आपले हक्कही ठाऊक नसतात. ब्रिटनमध्ये मुदतीच्या कराराचं नूतनीकरण न होणं हीसुद्धा कायद्यानं बडतर्फीच धरतात. सलग दोन वर्षं नोकरी झाली असेल आणि काम संपलं म्हणून जात असाल तर कपातीची वैधानिक भरपाई मागता येते. सलग मुदतीच्या करारांवर चार वर्षं झाली की सबळ कारण नसेल तर नोकरी कायम धरली जाते, हा २००२ चा नियम. 'अनुदानावरची जागा आहे' हे कारण सबळ की नाही, यावर मात्र विद्यापीठागणिक वेगळी उत्तरं मिळतात. युनियनकडे जा. वर्गणी भरत नसाल तर भरायला लागा.

त्रिज्या
युनियनवर +१. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या आवारांत मिळून ४८,००० जणांनी संप केला. पोस्टडॉक, संशोधन सहायक, शिकवणारे पीएचडीचे विद्यार्थी, सगळे. पगारवाढ त्यातूनच आली, कुणाच्या दयेतून नाही.

फिरता पंखा
हे सगळं वाचून प्रश्न पडला. जाहिरात निघते, आपण रविवार घालवून अर्ज भरतो, आणि जागा आधीच त्यांच्याच माणसाला ठरलेली असते. हे किती खरं?

रेघोटी
बरंचसं खरं. पण रागवण्याआधी कारण ऐका. सध्याच्या पोस्टडॉकचा करार संपतोय, प्राध्यापकाला नवीन अनुदान मिळालंय, त्याला तीच व्यक्ती हवीये. काही ठिकाणी अनुदानाच्या अर्जातच तिचं नाव असतं आणि मग जाहिरातीची गरजच नसते. नाव नसेल तर नियमानं जाहिरात द्यावी लागते. ओळखायचं कसं? अर्जाची मुदत जेमतेम आठवडाभर. अटी अशा की जगात एकाच माणसाला लागू पडाव्यात: अमुक सॉफ्टवेअर, तमुक जातीचा मासा, आणि त्याच गटानं बनवलेल्या यंत्राचा अनुभव. संपर्कासाठी नाव नाही. दोन-तीन खुणा एकदम दिसल्या तर रविवार वाचवा.

उलट ज्या जाहिरातीत 'अनौपचारिक चौकशीसाठी अमुक यांना लिहा' असं असतं तिथे जरूर लिहा. चार ओळी पुरेत. उत्तर आलं नाही तरी काही बिघडत नाही. आणि त्यांनी "फोनवर बोलूया" म्हटलं तर जागा खरंच खुली आहे असं समजा.

पिपेट
मी तर जाहिरातीची वाटच बघत नाही. निधी देणाऱ्या संस्था कुणाला किती पैसे दिले ते जाहीर करतात आणि या याद्या कुणालाही फुकट चाळता येतात. युरोपीय प्रकल्पांसाठी कॉर्डिस, जर्मनीसाठी गेप्रिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, अमेरिकेत आरोग्यविषयकसाठी एनआयएच रिपोर्टर. आपला विषय टाकायचा, नुकतीच सुरू झालेली अनुदानं काढायची. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटचे निकाल सहसा सप्टेंबरच्या सुमारास लागतात. पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत रक्कम असते आणि त्यातला मोठा भाग माणसं नेमण्यातच जातो. निकालात ज्यांचं नाव आहे ते पुढच्या काही महिन्यांत पोस्टडॉक आणि पीएचडीचे विद्यार्थी शोधणारच. त्यांचा सारांश वाचून नेमकं पत्र लिहिलं तर जाहिरातीआधी तुमचं नाव त्यांना ठाऊक असतं.

शिवाय या याद्यांत अनुदानाची शेवटची तारीखही असते. म्हणजे रेघोटीताईंचा प्रश्न मुलाखतीत विचारायच्या आधीच निम्मा सुटतो.

रेघोटी
@पिपेट, हे फार कामाचं. आमच्याच विभागातल्या पुष्कळांना या याद्या अशा वापरता येतात हे सुचलेलं नसेल.

दुर्बीण
भारतातलंही थोडं. इथे प्रकल्पावरच्या जागांच्या जाहिरातीत 'नेमणूक निव्वळ तात्पुरती असून प्रकल्पासोबत संपुष्टात येईल' हे वाक्य ठरलेलं असतं. जेआरएफचं (ज्युनियर रिसर्च फेलो) विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफचं (सीनियर) ४२,०००, वर शहराप्रमाणे घरभाडं. पण नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळवलेली स्वतःची नेट-जेआरएफ आणि एखाद्या प्रकल्पावरची जेआरएफ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली तुमच्यासोबत चालते, मार्गदर्शक आणि विद्यापीठ तुम्ही निवडता. दुसरी प्रकल्पाला बांधलेली. दोन्हीकडे पाटी जेआरएफचीच. 'नावाला महत्त्व देऊ नका' हे त्यामुळे इथेही पटतं.

आणि प्रकल्पाचा हप्ता वरून उशिरा आला की पगार उशिरा होतो, हेही गृहीत धरून चाला. रुजू होण्याआधी तिथे आधीपासून असलेल्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, गेल्या वर्षी पैसे कधी कधी मिळाले. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही.

पाणबुडी
एक जमात राहिली, आमची. रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनियर. हे नाव २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका कार्यशाळेत ठरलं. त्याआधी हेच काम करणाऱ्यांना पोस्टडॉक म्हणून नेमायचे आणि मग शोधनिबंध किती म्हणून झापायचे. आता पुष्कळ मोठ्या विद्यापीठांत आमचा स्वतंत्र गट असतो. वेगवेगळे प्रकल्प आमच्या वेळेचा काही हिस्सा विकत घेतात. माझा आठवडा सध्या हवामानाच्या प्रारूपात आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये वाटलेला आहे. पगार वेगवेगळ्या अनुदानांतून येतो, पण करार गटाशी, त्यामुळे एक अनुदान संपलं की दुसरं शोधायची डोकेदुखी गटप्रमुखाची.

@फिरता पंखा, काच राहू दे, इकडे ये. पगार कंपनीपेक्षा कमी, हे आधीच सांगतो. पण मुलाखतीत कोडी घालत नाहीत. मला एक जुनाट फोरट्रान प्रोग्राम दाखवला आणि विचारलं, "हे लिहिणारे प्राध्यापक शेजारच्याच खोलीत बसतात. तुम्ही सुरुवात कशी कराल?" अपेक्षित उत्तर होतं, आधी आजची उत्तरं चाचण्यांत बांधून ठेवायची आणि मगच हात लावायचा. आणि प्राध्यापकांशी गोड बोलायचं.

फिरता पंखा
फोरट्रान?! आजोबांची आठवण आली. व्यनि करतो.

खडीसाखर
मी इतिहासात बीए. नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे ब्रिटनला आले. प्रयोगशाळेशी काडीचा संबंध नाही. मोठ्या विद्यापीठांकडे तात्पुरत्या नेमणुकांसाठी स्वतःची यादी असते. तिथे नाव घातलं. आधी परीक्षांचं पर्यवेक्षण, मग प्रवेश विभागात अर्जांची छाननी, मग कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर बदली म्हणून. आत शिरल्यावर अंतर्गत जागांची यादी दिसायला लागते, जी बाहेरून दिसत नाही. आता पदव्युत्तर विद्यार्थी कार्यालयात कायम आहे. व्हायवाची (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची) तारीख ठरवणं, बाहेरच्या परीक्षकांचे हॉटेल-प्रवास, प्रबंध वेळेत न देणाऱ्यांची मनधरणी. नवऱ्याचा करार संपायला आलाय आणि घरात सध्या स्थिर नोकरी माझी आहे, असो.

सोबत येणाऱ्या जोडीदारांना एकच सांगेन: तुमच्या व्हिसावर काम करता येत असेल तर अर्जात ते पहिल्या परिच्छेदातच लिहा. प्रायोजकत्वाचा खर्च नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याचा चेहरा बदलतो.

गोगलगाय
खडीसाखर, मस्तच! अजून एक प्रश्न. मागे मला एका 'विद्यापीठा'कडून थेट नेमणूकपत्र आलं, मुलाखत न घेताच. व्हिसा प्रक्रियेसाठी अनामत भरा म्हणे. भरली नाही, पण पत्र अगदी खरं वाटत होतं. शिक्का, बोधचिन्ह, कुलगुरूंची सही.

रेघोटी
मुलाखतीशिवाय नेमणूक नाही आणि उमेदवाराकडून अनामत नाही, इतकं पक्कं धरा. व्हिसाचं सरकारी शुल्क तुम्हाला भरावं लागू शकतं, पण ते तुम्ही सरकारी संकेतस्थळावर भरता, विद्यापीठाच्या 'एजंट'ला नाही. मेलचा पत्ता शेवटून वाचा. ब्रिटनमध्ये 'एसी डॉट यूके' आणि अमेरिकेत 'ईडीयू' हे शेवट कुणालाही विकत मिळत नाहीत, मान्यताप्राप्त संस्थांनाच देतात. फसवे पत्ते या अक्षरांच्या पुढे काहीतरी शेपूट जोडतात. शंका आली तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन जागेचा क्रमांक शोधा. पत्रातल्या दुव्यावरून जाऊ नका.

दुर्बीण
थोडं अवांतर. हे सगळं वाचताना वाटतं की तंत्रज्ञ, सुविधा, कार्यालय म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या संशोधनाची हमाली. शोधनिबंधावर नाव येत नाही, आभारात एक ओळ. हुशार मुलांना या वाटेला जा म्हणावं का?

त्रिज्या
@दुर्बीण, हमाली हा शब्द खटकला, पण प्रश्न रास्त आहे. व्हिव्हियन थॉमस यांचं उदाहरण बघा. डॉक्टर व्हायचं होतं, मंदीत शिक्षणाचे पैसे बुडाले. १९३० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात सर्जन ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. कृष्णवर्णीय असल्यानं पदाची नोंद झाडूवाल्याची, काम शस्त्रक्रिया-संशोधकाचं. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या बाळांच्या (हृदयातल्या जन्मजात दोषामुळे रक्तात प्राणवायू कमी पडून निळी पडणाऱ्या) हृदयावरची शस्त्रक्रिया त्यांनी आधी कुत्र्यांवर बसवली. नोव्हेंबर १९४४ मध्ये पहिल्या बाळावर ती झाली तेव्हा ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून पुढची पायरी सांगत होते. जॉन्स हॉपकिन्सनं मानद डॉक्टरेट दिली १९७६ मध्ये. हे अन्यायाचंच उदाहरण आहे, पण डोकं कुणाचं चालत होतं यावर त्या खोलीत तरी दुमत नव्हतं.

आता परिस्थिती थोडी बरी आहे. निबंधात कुणी काय केलं ते चौदा भूमिकांत विभागून लिहायची पद्धत बऱ्याच नियतकालिकांनी घेतलीय. त्यात सॉफ्टवेअर, डेटाची निगा, साधनसामग्री हे वेगळं दाखवता येतं. पण आपोआप होत नाही, मागावं लागतं. काम सुरू होण्याआधी मागायचं.

रेघोटी
ब्रिटनमध्ये २०१७ पासून 'टेक्निशियन कमिटमेंट' आहे. तंत्रज्ञांची ओळख, बढती आणि प्रशिक्षण यासाठी विद्यापीठं त्यावर सह्या करतात. सही केली म्हणजे पाळतातच असं नाही. मुलाखतीला जाल तिथे विचारा, "गेल्या काही वर्षांत इथल्या किती तंत्रज्ञांना वरची श्रेणी मिळाली?" उत्तर देताना एकमेकांकडे बघायला लागले तर समजून घ्या.

गोगलगाय
ताजी खबर! एका सामायिक सुविधेतल्या फ्लो सायटोमेट्रीच्या (लेझरनं एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या) जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय. या वेळी अर्ज तक्त्याच्या क्रमानं लिहिला होता, आणि प्रायोजकत्व देतात हे आधी विचारून घेतलं होतं. मुलाखत ऑनलाइन आहे, पण 'पंधरा मिनिटांचा प्रसंगाधारित भाग' असं लिहिलंय. काय विचारतील? मी ते यंत्र कंपनीत वापरलंय, सुविधा चालवलेली नाही.

रेघोटी
अभिनंदन! यंत्राचं विचारतीलच, पण प्रसंग बहुधा माणसांचा असतो. उदाहरणार्थ: दोन गटांनी एकच वेळ मागितलीय, दोघांचे नमुने जिवंत पेशींचे, उद्यापर्यंत टिकणारे नाहीत. किंवा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात, माझ्या विद्यार्थ्याला प्रशिक्षणाची गरज नाही, थेट यंत्रावर बसू दे. अशा वेळी 'मी नम्रपणे समजावेन' एवढ्यावर थांबू नका. यंत्राची वेळ राखून ठेवायचा नियम काय, तो मोडायचा अधिकार कुणाला, नोंद कुठे करणार, आणि त्या विद्यार्थ्याला आजच अर्धा तास बसवून शिकवता येईल का, हे क्रमानं सांगा.

पिपेट
रोज सकाळी यंत्र सुरू केल्यावर काय तपासता, हेही हमखास विचारतात. प्रमाणित सूक्ष्म मणी यंत्रातून सोडून केलेली गुणवत्ता-चाचणी, एका लेझरपासून दुसऱ्यापर्यंत पेशी पोहोचायला लागणारा वेळ, कालच्या आलेखाशी तुलना, आणि मर्यादेबाहेर गेलं तर त्या दिवशीच्या वापरकर्त्यांना कळवायचं. शेवटचं उमेदवार विसरतात. तुझ्या क्वालिटी कंट्रोलच्या सवयीनं तू विसरणार नाहीस.

फिरता पंखा
आणि शेवटी खात्याचं विचारायला विसरू नकोस.

गोगलगाय
लिहून ठेवलंय. आकारणीतून किती आणि विद्यापीठाची भर किती, असंच विचारते. मुलाखत गुरुवारी.